पहारेकरी काढताना

“...आणि काढायचं कसं? तेही येतं?”

जिजींनी हे विचारलं तेव्हा कौस्तुभची बोटं कीबोर्डला लागलीसुद्धा नव्हती.

“काय काढायचं?”

“जे लावणार आहेस ते.”

कौस्तुभला हसू आलं. आवरायला हवं होतं, पण आवरलं नाही. “जिजी, अजून लावलंही नाही. आणि काढायचं कशाला? ते कायमचंच राहणार.”

“बरं,” जिजी म्हणाल्या आणि भिंतीला टेकून बसल्या.

बाहेर धुकं होतं. कळकीचा मठ डोंगराच्या खांद्यावर, कळकांच्या, म्हणजे बांबूंच्या, बेटात आहे. थंडीच्या दिवसांत खालच्या नदीवरून धुकं चढत येतं आणि उन्हं चांगली वर आली तरी मठाचं अंगण सोडत नाही. त्या दिवशी तर ते खिडकीतून आत डोकावत होतं. कळक एकमेकांवर घासून करकरत होते. कोपऱ्यात यंत्राचा पंखा घुमत होता, तंबोरा लावून कोणी गायचं विसरून गेल्यासारखा.

यंत्र म्हणजे मठातला सर्व्हर. मठात अकराशे जुन्या पोथ्या आहेत. अण्णांनी, म्हणजे जिजींच्या गुरूंनी, शेवटची वर्षं त्या पोथ्यांची पानं न् पानं फोटो काढून या यंत्रात ठेवण्यात घालवली. कुठल्या कुठल्या गावचे अभ्यासक घरी बसून ती वाचतात. अण्णा गेले, आणि यंत्राची किल्ली जिजींकडे आली.

किल्ली म्हणजे पासवर्ड. तो कुठे लिहिलेला नाही. मठाची रीतच तशी आहे. गुरूनं शिष्याच्या कानात सांगायचा, शिष्यानं मनात ठेवायचा, आणि ज्याच्या कानात तो पडला तो पोथ्यांचा राखणदार.

जिजी मठात येण्याआधी तीस वर्षं टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ऑपरेटर होत्या, त्यामुळे यंत्राची भीती त्यांना कधी वाटली नाही. पण आता काचबिंदूनं त्यांची नजर गेल्यात जमा होती. पडद्यावरची अक्षरं त्यांना मुंग्यांच्या रांगेसारखी दिसत. किल्ली कोणाच्या तरी कानात सांगायची वेळ आली होती.

ती कौस्तुभला हवी होती. खोटं कशाला बोला, फार हवी होती.

पुण्यात एका मोठ्या कंपनीत तो चारशे सर्व्हर सांभाळायचा. एके दिवशी सगळं सोडून डोंगर चढून आला. त्याला आता तीन वर्षं होत आली. अंगण झाडलं, पाणी भरलं, पोथ्यांना ऊन दाखवलं. पण यंत्राला हात लावायची परवानगी नव्हती, आणि ते त्याच्या जिवाला लागून राहिलं होतं. कानात किल्ली पडली की आपण मठाचे झालो, असं त्याला वाटे. ती पडली नाही, तर आपण नोकरी सोडलेला एक माणूस, दुसरं काही नाही.

काल संध्याकाळी जिजी म्हणाल्या होत्या, “उद्या यंत्रावर बस. बघू.”

म्हणून तो बसला होता. काय करून दाखवायचं हे त्यानं रात्रीच ठरवलं होतं. यंत्रावर नजर ठेवणारं एक प्लगइन लावायचं. ते दर मिनिटाला यंत्राला विचारतं, ताप किती आहे, दम लागलाय का, जागा किती उरली. काही बिनसलं तर लगेच फोनवर निरोप धाडतं.

“म्हणजे पहारेकरी,” जिजी म्हणाल्या होत्या.

“तसंच म्हणा.”

आता त्यानं काळी खिडकी उघडली. या खिडकीत चित्रं नसतात, माउस चालत नाही. शब्द टाइप करायचे, एंटर मारायचं, की यंत्र सांगितलेलं करतं आणि गप्प बसतं. जिजींना ही काळी खिडकी आवडे. इथं सांगितलं तेवढंच होतं, असं त्या म्हणत.

“मला दिसत नाही,” जिजी म्हणाल्या. “जे येईल ते वाचून दाखव.”

त्यानं पहारेकरी बोलावणारी ओळ लिहिली. यंत्रानं किल्ली मागितली.

“तोंड फिरव.”

कौस्तुभनं खिडकीकडे तोंड फिरवलं. धुक्यात कळक दिसत नव्हते, नुसते ऐकू येत होते. मागे जिजींची बोटं सरावानं बटणांवरून फिरली.

“झालं.”

पडद्यावर ओळी धावल्या आणि थांबल्या. पहारेकरी यंत्रात येऊन बसला. कौस्तुभनं त्याला पहिला प्रश्न विचारायला लावला. उत्तर हिरव्या अक्षरांत आलं.

“यंत्र ठणठणीत आहे, जिजी!”

“ते मला माहीत होतं,” जिजी म्हणाल्या. “आता काढ.”

“आत्ताच? अजून एक मिनिटसुद्धा...”

“काढ.”

कौस्तुभनं खांदे उडवले आणि काढायची ओळ लिहिली. हा त्याच्या डाव्या हाताचा खेळ होता. एंटर.

“निघालं.”

“सगळं?”

“सगळं.”

“शोध.”

“काय शोधू?”

“त्याचं नाव घेऊन शोध. कुठे आहे का.”

त्यानं यंत्राला शोधायला सांगितलं. यंत्र क्षणभर थांबलं, मग एक ओळ आली. कौस्तुभचा आवाज जरा उतरला.

“सेटिंगची फाइल आहे. पण ती राहतेच, जिजी. मुद्दाम ठेवतात. पुन्हा लावायचं झालं तर तयार असावी म्हणून.”

“पाहुणा गेला. परत येईल म्हणून अंथरूण पसरलेलंच ठेवायचं?”

कौस्तुभनं फाइल काढून टाकली.

“पुन्हा लाव,” जिजी म्हणाल्या. “आणि पुन्हा काढ. काही मागे राहता कामा नये.”

...

दुसऱ्या खेपेला त्यानं सेटिंगसकट मुळासकट काढणारी ओळ वापरली. नाव घेऊन शोधलं. काही सापडलं नाही. त्यानं सुटकेचा श्वास टाकला.

“लोकांची यादी वाच,” जिजी म्हणाल्या.

“कसली यादी?”

“यंत्रात कोण कोण राहतं, त्याची.”

यंत्रात जो काम करतो त्याचं नाव यंत्र एका यादीत लिहून ठेवतं, मग तो माणूस असो की प्रोग्राम. कौस्तुभ वाचू लागला. बरीचशी यंत्राची आपलीच माणसं होती. मग मठाचं नाव आलं. आणि सगळ्यात शेवटी...

तो थांबला.

“वाच ना.”

“पहारेकऱ्याचं नाव आहे.”

“तो तर गेला.”

“गेला. पण नाव राहिलं.”

“रेशनकार्डावरून नाव काढायचं राहिलं म्हण,” जिजी हसल्या. “चालतं, बाबा. पुष्कळांचं राहतं.”

हे हसणं कौस्तुभला झोंबलं. कंपनीत त्याच्या कामात खोट काढणारा कोणी जन्माला आला नव्हता. निदान त्याची तशी समजूत होती. त्यानं ते नाव खोडलं, आणि न सांगताच पहारेकरी पुन्हा लावायला घेतला.

“तोंड फिरव.”

त्यानं तोंड फिरवलं. धुकं आता खिडकीच्या चौकटीवर हात ठेवून उभं होतं.

तिसऱ्या खेपेला त्यानं फाइल काढली, नाव खोडलं. जिजी म्हणाल्या, “आता ज्यांना मालक नाही अशा वस्तू शोध.” सापडली एक. पहारेकऱ्यानं रोजच्या नोंदी ठेवायला एक कप्पा केला होता, तो तसाच होता. मालकाचं नाव कौस्तुभनं खोडलं होतं, म्हणून यंत्रानं नावाच्या जागी नुसता आकडा दाखवला.

“नऊशे अठ्ठ्याण्णव,” कौस्तुभनं वाचलं.

“हं.”

“म्हणजे तो होता, पण कोण ते आता यंत्रालाही माहीत नाही.”

जिजींचे डोळे मिटलेले होते. झोपल्या की काय, असं वाटून कौस्तुभ थांबला.

“पुन्हा,” जिजी डोळे न उघडता म्हणाल्या.

चौथ्या खेपेला काय राहिलं, तेही सांगतो आणि मग मोजणं सोडतो. सगळं काढलं, सगळं झाडलं. जिजी म्हणाल्या, “आता हात बाजूला घे. एक मिनिट बस.” दोघं बसले. मिनिट संपलं. “नोंदवही बघ.” यंत्राच्या नोंदवहीत एक नवी ओळ पडली होती. दर मिनिटाला पहारेकऱ्याला हाक मारायचं काम घड्याळाला दिलेलं होतं, आणि ते त्यानं सोडलं नव्हतं. हाक मारली, कोणी आलं नाही, घड्याळानं तक्रार लिहिली.

“आता पुन्हा मारील?”

“मिनिटानं मारील.”

“आणि मग?”

“मग पुन्हा.”

“किती दिवस?”

“यंत्र बंद पडेपर्यंत,” तो हळूच म्हणाला.

त्याला त्या घड्याळाचं वाईट वाटलं. का वाटलं, ते त्याचं त्यालाही कळलं नाही. एवढ्या चारशे सर्व्हरवर त्यानं काय काय लावलं होतं आणि काय काय काढलं होतं. तिकडे अजून कोण कोण कोणाला हाका मारत असेल, याचा त्यानं कधी विचार केला नव्हता.

...

मग पुढच्या खेपा एकमेकींत मिसळून गेल्या.

लावायचं, तोंड फिरवायचं, काढायचं, शोधायचं, वाचून दाखवायचं. जिजींनी मध्येच नाचणीच्या आंबिलीची वाटी त्याच्या हातात दिली. ती त्यानं कधी पिऊन संपवली ते त्याला आठवेना. धुकं खोलीत आलं होतं की त्याच्या डोळ्यांत, तेही नीट सांगता आलं नसतं. एकदा त्याला वाटलं, आपण हे कालही करत होतो. एकदा वाटलं, जिजी केव्हाच उठून गेल्यात आणि “पुन्हा” म्हणणारा आवाज यंत्राचाच आहे. त्यानं वळून पाहिलं. जिजी तिथंच होत्या, शाल गुडघ्यांवर घेऊन बसलेल्या.

“कंटाळलास?”

“नाही.”

“मग ‘नाही’ एवढ्या जोरात का म्हणतोस?”

तो पुन्हा पडद्याकडे वळला. किल्ली आता हाताच्या अंतरावर आहे असं त्याला वाटत होतं. एक खेप, एकच खेप बिनचूक जायला हवी. मग जिजींना शोधायला जागा राहणार नाही.

आणि ती खेप आली.

पहारेकरी लावला. काढला. फाइल नाही. यादीत नाव नाही. कप्पा नाही. घड्याळाचं काम काढलं. त्याच्याबरोबर आलेले लहानसहान मदतनीस प्रोग्राम, त्यांनाही एकेक करून निरोप दिला. निरोपांची आत-बाहेर करायला पहारेकऱ्यानं यंत्रात उघडलेलं दार बंद केलं. मिनिटभर वाट पाहिली. नोंदवहीत काही उमटलं नाही. दोन मिनिटं. तीन.

“काही राहिलं?”

“नाही, जिजी.”

“नक्की?”

‘हो’ म्हणायला त्यानं तोंड उघडलं आणि थांबला. राहिलं होतं! त्याचं त्यालाच आठवलं, आणि जिजींच्या आधी आठवलं, याचा त्याला इतका आनंद झाला की गाल गरम झाले.

काळ्या खिडकीत जे टाइप करावं ते यंत्र लक्षात ठेवतं. वरच्या बाणाचं बटण दाबलं की आधीची ओळ पुढे येते, पुन्हा दाबलं की तिच्या आधीची. त्यात त्याची सकाळपासूनची प्रत्येक ओळ होती. पहारेकऱ्याचं नाव तर पन्नास ठिकाणी असेल. जिजी आता तेच विचारणार, याबद्दल त्याला शंका उरली नाही.

कंपनीत हे त्यानं शेकडो वेळा केलं होतं. दुसऱ्याच्या सर्व्हरवर काम केलं की उठताना आठवण कोरी करून उठायचं. चुकून एखादा पासवर्ड टाइप झालेला मागे राहू नये म्हणून. बोटांना सवयच होती. त्याला ती ओळ आठवावीही लागली नाही.

यंत्रानं किल्ली मागितली नाही. याला किल्ली लागत नाही.

एंटर.

“आता शोधा, जिजी,” कौस्तुभ म्हणाला आणि उठून त्यानं जागा करून दिली. “तुम्हीच बसा. पहारेकरी इथं कधी आलाच नव्हता.”

जिजी उठल्या. हातानं पाट चाचपून यंत्रासमोर बसल्या. त्यांनी कसलीच ओळ लिहिली नाही. उजव्या हाताचं बोट नेमकं वरच्या बाणावर ठेवलं आणि दाबलं.

टिंग.

जिजींनी बोट उचललं. मान जराशी कलती केली. पुन्हा दाबलं.

टिंग.

“एवढ्यात पोचले?” त्या म्हणाल्या.

ही गोष्ट खरं तर आधी सांगायला हवी होती, पण कौस्तुभच्याच ती ध्यानात आली नव्हती, तर तुम्हाला कुठून सांगू. बाण दाबत दाबत माणूस आठवणीच्या अगदी टोकाला, सगळ्यात पहिल्या ओळीशी पोचला की यंत्र टिंग करतं. म्हणजे याच्या वर आता काही नाही.

“वाच,” जिजी म्हणाल्या.

“काही नाही, जिजी. एक अक्षर नाही!”

“वर जा.”

“वर काही नाहीच. हेच सगळ्यात वर.”

“आणि अण्णांचा नमस्कार?”

कौस्तुभला कळलं नाही. “कुठला नमस्कार?”

जिजींचं बोट बाणावरच होतं. त्या सावकाश बोलू लागल्या, झोपेत बोलावं तशा.

“अकरा वर्षं झाली. यंत्र आलं त्या दिवशी आम्ही सगळे या खोलीत उभे होतो. अण्णांना म्हटलं, पहिली ओळ तुम्ही लिहा. अण्णा एक्याऐंशीचे. एकेक अक्षर शोधून त्यांनी लिहिलं, नमस्कार. यंत्र म्हणालं, अशी कमांड सापडत नाही...”

जिजी हसल्या.

“अण्णांना इतकं हसू आलं, इतकं हसू आलं, की ठसका लागला. म्हणाले, बरोबर आहे त्याचं, त्याला अजून कोणी शिकवलं नाही.”

खोलीत पंख्याचा आवाज तेवढा होता.

“ती ओळ सगळ्यात वर होती. मी काही पुसू दिलं नाही कोणाला. सकाळची पूजा झाली की इथं येऊन बसायचं आणि बाण दाबून धरायचा. वर, वर, वर. टिंग वाजलं की अण्णांचा नमस्कार. एंटर मारायचा नाही. नुसतं बघायचं आणि खाली यायचं. गेल्या वर्षापासून अक्षरं दिसत नाहीत. पण टिंग ऐकू येतं...”

कौस्तुभनं कोऱ्या काळ्या खिडकीकडे पाहिलं.

आपल्या तेवढ्याच ओळी पुसता आल्या असत्या. नवशिक्यालाही येतं ते. पण त्या आठवणीत आपल्याखेरीज आणखी कोणी असेल, हे त्याच्या मनातही आलं नव्हतं. तीन वर्षं या मठात राहून, या खोलीच्या दारात रोज झाडू मारून, मनात आलं नव्हतं.

“जिजी...”

...

“जिजी, मी पुसलं.”

“ते कळलं मला.”

“सगळं पुसलं.”

“हं.”

जिजींच्या डोळ्यांतून पाणी आलं. त्यांनी ते पुसलं नाही, लपवलंही नाही. म्हाताऱ्या गालांवरून ते खाली आलं आणि शालीवर पडलं. कौस्तुभला तिथं उभं राहवेना आणि तिथून हलताही येईना.

“रागावलात?”

“हो.”

मग कौस्तुभला एकदम आठवलं आणि तो घाईनं बोलू लागला.

“कपाटात डिस्क आहे ना, जिजी! एकादशीला प्रत काढून ठेवता ती. त्यात असणार. अण्णांची ओळ असणार. पाच मिनिटं द्या, फक्त पाच मिनिटं. होतं तसं परत आणतो. एका अक्षराचा फरक पडणार नाही.”

“असेल त्यात.”

“आणू?”

बाहेर कळक करकरले. वारा सुटला असावा, कारण खिडकीतलं धुकं पातळ होऊन अंगणातला दगडी कट्टा दिसू लागला होता. कौस्तुभ कपाटाच्या दिशेनं एक पाऊल टाकून थांबला होता.

“सकाळपासून लावतोयस आणि काढतोयस,” जिजी म्हणाल्या. “पुरे झालं नाही का?”

“पण ती अण्णांची...”

“हो रे. अण्णांचीच.”

कौस्तुभनं पाऊल मागे घेतलं. त्याचे डोळे भरून आले. तीन वर्षांत पहिल्यांदा त्याला किल्ली नकोशी वाटली. इतकी नकोशी वाटली की ती मागायला आपण इथं आलो होतो याची लाज वाटली.

“मी खाली उतरतो, जिजी,” तो म्हणाला. “एसटी मिळेल अजून. तुम्ही दुसरं कोणी बघा. माझ्या हातात यंत्र देऊ नका. मला... मला फक्त झाडायला ठेवलंत ते बरोबर होतं.”

जिजींनी बाण पुन्हा दाबला.

टिंग.

या खेपेला त्या थांबून ऐकत राहिल्या. आवाज केव्हाच विरला, तरी ऐकत होत्या. मग त्यांच्या चेहऱ्यावर काहीतरी सैल झालं. कौस्तुभनं त्यांना असं कधी पाहिलं नव्हतं. डोक्यावरचा हंडा उतरवून ठेवल्यावर बाई जशी क्षणभर नुसती उभी राहते, तशा त्या बसून होत्या.

“इकडे ये,” जिजी म्हणाल्या.

तो गेला.

“खाली वाक.”

तो वाकला. जिजींचा ओला गाल त्याच्या कानाला लागला, आणि त्यांनी किल्ली सांगितली. तो शब्द मी इथं लिहीत नाही. मलाही माहीत नाही.

कौस्तुभ तसाच वाकून राहिला. सरळ व्हायचं त्याला सुचलं नाही.

“जिजी, मी अण्णांची ओळ घालवली. आणि तुम्ही मला...”

“ती पुसायला माझा हात कधी धजला नसता,” जिजी म्हणाल्या.

त्या पाटावरून उठल्या. पाटावरची धूळ पदरानं झटकली आणि बाजूला उभ्या राहिल्या.

“बस.”

“मी?”

“मग कोण? बस म्हणते ना.”

तो बसला. समोर काळी खिडकी कोरी होती. एका कोपऱ्यात कर्सर लुकलुकत होता, वर काही नाही, खाली काही नाही. कौस्तुभनं बटणांवर बोटं ठेवली.

“पहिली ओळ लिही,” जिजी म्हणाल्या.

...

...

“काय लिहू, जिजी?”

“पुसलं तरी चालेल असं काहीतरी.”